शिंप्याचं आडनाव पोरींचं नाव कसं झालं? ‘टेलर’ची गोष्ट

टेलर स्विफ्टचं नाव मराठीत लिहिलं की एक गंमत होते. इंग्रजीत तिच्या नावात ‘वाय’ आहे आणि कपडे शिवणाऱ्या टेलरमध्ये ‘आय’. आपल्याकडे मात्र दोघंही ‘टेलर’च. त्यामुळे तिच्या कॉन्सर्टच्या बातमीखाली “ब्लाउज कधी मिळेल?” अशी कमेंट पडणं साहजिक आहे.

पण हा जोक चुकीचा नाही. टेलर या नावाचा अर्थ खरोखरच शिंपी असा आहे. आणि ‘स्विफ्ट’ म्हणजे चपळ, भरभर पळणारा. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या पॉपस्टारचं नाव शब्दशः घेतलं तर ‘शिंपी चपळे’ होतं. दोन्ही मुळात आडनावंच. मग त्यातलं एक पुढे येऊन पाळण्यातलं नाव कसं झालं?

आधी कात्री, मग सुई

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्यासोबत फ्रेंच शब्दांची लाट आली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तायेर’च्या जवळ जाणारा एक शब्द होता. अर्थ, कापणारा. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, तेही ‘कापणे’ याच क्रियापदात. म्हणजे हे नाव सुईवरून नाही, कात्रीवरून आलंय.

याचं कारण कुठल्याही टेलरिंगच्या दुकानात गेल्यावर कळतं. मशीनवर चारजण बसलेले असतात, पण गळ्यात टेप अडकवून कापडावर खडूने रेघा मारणारा एकच असतो. तो कटिंग मास्टर. शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर गेलं. जर्मनमधला श्नायडर आणि हंगेरियनमधला साबो ही आडनावंही ‘कापणारा’ याच अर्थाची आहेत. फारसीतून आलेला आपला ‘दर्जी’ मात्र शिवणीवरून आलाय.

याच फ्रेंच शब्दाची आणखी दोन पोरं आपण रोज वापरतो, डिटेल आणि रिटेल. डिटेल म्हणजे तुकडे तुकडे करून सांगणं, रिटेल म्हणजे तुकड्या तुकड्याने विकणं.

तेव्हा इंग्रजी स्पेलिंगचे नियम ठरलेले नव्हते, ‘आय’ आणि ‘वाय’ एकमेकांच्या जागी सर्रास यायचे. पुढे धंद्याच्या शब्दात ‘आय’ पक्का झाला, आडनावात ‘वाय’ राहिला. लंडनच्या शिंप्यांच्या संघाला १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली. तो संघ आजही नावात ‘वाय’च लिहितो.

सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच, ओळख होती. गावात तीन विल्यम असतील तर ‘विल्यम शिंपी’ कोणता ते कळायचं. हळूहळू ही ओळख बापाकडून पोराकडे जायला लागली. नातू गाडी हाकत असला तरी तो टेलरच. आज टेलर हे इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे.

आडनाव पुढे कसं आलं?

याचं उत्तर बहुतेक वेळा आईच्या माहेरी सापडतं. लग्नानंतर बाईचं आडनाव जायचं. ते पूर्णपणे पुसलं जाऊ नये म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांमध्ये ते मुलाला नाव म्हणून द्यायची पद्धत पडली, कधी पहिलं, कधी मधलं. जॉन फिट्झगेराल्ड केनेडीतलं फिट्झगेराल्ड हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव.

दुसरी वाट कौतुकाची. मोठ्या माणसाचं आडनाव आपल्या पोराला द्यायचं. लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांचा जन्म १७८३ चा, आणि नाव अर्थातच जॉर्ज वॉशिंग्टनवरून. टेलरच्या बाबतीतही असा एक राष्ट्राध्यक्ष आहे, झॅकरी टेलर, १८४८ ची निवडणूक जिंकलेले अमेरिकेचे बारावे अध्यक्ष.

पण ही सगळी मुलांची नावं होती. विसाव्या शतकात बराच काळ टेलर हे मुख्यतः पुरुषाचंच नाव राहिलं. दिग्दर्शक टेलर हॅकफोर्ड १९४४ चे, फू फायटर्सचा ड्रमर टेलर हॉकिन्स १९७२ चा.

मग मुली आल्या

१९८० च्या दशकात चित्र बदललं. ऑफिसात, बँकेत, वकिलीत बायकांची संख्या वाढत होती आणि अमेरिकन आईबाप मुलींसाठी अशी नावं शोधायला लागले जी ‘गोड’ वाटणार नाहीत. टेलर स्विफ्टचा जन्म १३ डिसेंबर १९८९ चा. तिचं नाव गायक जेम्स टेलरवरून ठेवलं हे चाहत्यांना माहीत असतं. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. लेक पुढे बिझनेसमध्ये जाईल आणि व्हिजिटिंग कार्डावरचं नाव वाचून ती मुलगी आहे की मुलगा हे समोरच्याला कळू नये, असा तिच्या आईचा विचार होता.

आई स्वतः फायनान्सशी संबंधित क्षेत्रात काम केलेली. नाव वाचूनच दार बंद होतं, याचा अंदाज असल्याशिवाय कोणी बाळाच्या नावात एवढी खबरदारी घेत नाही. पुढे लेकीचं नाव जगात कोणाला ओळखायचं बाकी राहिलं नाही, तो भाग वेगळा. आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेम्स टेलर तिच्या स्टेजवर येऊन तिच्यासोबत गायले.

असा विचार करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९९० मध्ये ‘द बोल्ड अँड द ब्यूटीफुल’ या मालिकेत टेलर नावाची मानसोपचारतज्ज्ञ आली. ही तीच मालिका, जी नव्वदच्या दशकात आपल्याकडेही स्टार प्लसवर दिसायची. अमेरिकेच्या सरकारी यादीत १९९३ साली मुलींच्या नावांमध्ये टेलर सातव्या क्रमांकावर होतं, १९९६ ला सहाव्या. २००० मध्ये ते दहावं होतं आणि २००१ ला पहिल्या दहातून बाहेर पडलं.

आता हे आकडे टेलर स्विफ्टच्या करिअरशेजारी ठेवून बघा. तिचा पहिला अल्बम २००६ चा. म्हणजे ती स्टार होण्याआधीच या नावाची लाट येऊन ओसरली होती. तिच्यामुळे नाव गाजलं असं रील्समध्ये सांगितलं जातं, पण क्रम उलटा आहे. ती त्या लाटेतलीच एक मुलगी. टेलर लॉटनर १९९२ चा आणि टेनिसपटू टेलर फ्रिट्झ १९९७ चा, हेही त्याच काळातले. मुलांमध्ये नाव तेव्हा बऱ्यापैकी चालत होतं, पण मुलींनी त्यांना मागे टाकलं होतं. २०२३-२४ च्या ‘इराज टूर’नेही हे नाव पुन्हा पहिल्या दहात आणलं नाही. नाव इतकं तिचं झालंय की आपल्या बाळाला ते ठेवलं तर आयुष्यभर तोच प्रश्न ऐकावा लागणार.

सेलिब्रिटीमुळे नाव उचललं जातं ते वेगळ्या वेळी. मेसन, म्हणजे गवंडी, हे नाव २००९ मध्ये मुलांच्या यादीत ३४ वं होतं आणि वर चढतच होतं. त्या डिसेंबरात कोर्टनी कार्दाशियनने मुलाचं नाव मेसन ठेवलं. २०१० मध्ये ते १२ वं आणि २०११ मध्ये थेट दुसरं. नाव चढणीला असताना धक्का बसला तर ते पळतं, उतारावर असताना कितीही मोठा स्टार आला तरी फरक पडत नाही.

लोहार का नाही?

कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा, कार्टर गाडीवान, टायलर कौलं घालणारा, चँडलर मेणबत्त्यावाला, पार्कर राखीव रानाचा राखणदार. सगळी आडनावं, सगळी आता पाळण्यातली नावं. स्मिथ (लोहार) हे सगळ्यात कॉमन आडनाव असूनही पोराचं नाव म्हणून क्वचितच ठेवलं जातं. ‘बुचर’ तर कोणी ठेवणारच नाही. दोन अक्षरांचं, ‘र’ वर संपणारं आणि ऐकताना धंदा पटकन डोळ्यासमोर न येणारं नाव चालतं. मेणबत्त्यांचा धंदा विसरला गेला म्हणून ‘फ्रेंड्स’मधला चँडलर चँडलर होऊ शकला.

आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. संतांच्या नावामागेही व्यवसाय आहे, पण नेहमी मागेच. कारण तो नुसता व्यवसाय नव्हता, जात होती. इंग्लंडमध्ये टेलर आडनावाच्या माणसाकडे बघून तो कोणाच्या पंगतीला बसणार हे ठरत नव्हतं. इथे ठरत होतं. त्यामुळे ‘शिंपी’ किंवा ‘सुतार’ हे आडनाव असतं, पण ‘सुतार देशपांडे’ असं बाळाचं नाव कोणी ठेवलेलं ऐकिवात नाही. पारशांनी इंजिनियर आणि कॉन्ट्रॅक्टरसारखी नवी आडनावं घेतली, क्रिकेटर फारुख इंजिनियर हे प्रसिद्ध उदाहरण, पण तीही आडनावंच राहिली.

भारतात पहिलं नाव होण्याचा मान मिळाला तो हुद्द्यांना. हरियाणाचे माजी राज्यपाल कप्तानसिंग सोळंकी यांच्या नावातला कप्तान तोच. उत्तरेत दिवाण आणि सुभेदार अशीही नावं सापडतात. कात्री चालवणाऱ्याचं नाव मात्र बारशाला अजून कोणी घेतलेलं नाही. घेतलंच, तर ते इंग्रजीतून, ‘वाय’ लावून येईल.