कॉर्नेलियेचे दोन पुत्र

प्राचीन रोमच्या इतिहासाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना ग्रॅकस बंधूंच्या मातेची एक आख्यायिका ठाऊक असतेच. कॉर्नेलियेच्या घरीं कॅम्पानिया प्रांतांतील एक स्त्री पाहुणी म्हणून आली व आपले अलंकार मोठ्या कौतुकानें दाखवूं लागली. कॉर्नेलियेनें तिला बोलण्यांत गुंतवून ठेविलें, आणि मुलें शाळेंतून घरीं येतांच, हींच आपलीं रत्नें, असें तिला सांगितलें. आख्यायिका सुंदर आहे. परंतु सुंदर आख्यायिकेच्या प्रकाशांत पुष्कळदां तिच्या मागचें घर दिसेनासें होतें, तसें येथें झालें आहे. मुलें वाढविणें हें रोजचें, कंटाळ्याचें व काळजीचें काम आहे. तें ह्या बाईनें कसें केलें, हा प्रश्न तिच्या त्या एका वाक्यापेक्षां अधिक विचार करण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम तारखा पाहूं. ही आख्यायिका व्हॅलेरियस मॅक्सिमस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, म्हणजे त्या काळानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं, लिहून ठेविली. त्यानें 'मुलें' एवढेंच म्हटलें आहे. बरोबरीनें घरीं येणारे दोन चिमुकले बंधू हें मुख्यतः पुढच्या चित्रकारांचें देणें होय. अँजेलिका कॉफमन हिनें १७८५ सालीं काढलेल्या चित्रांत दोघेही लहानच दिसतात. वस्तुतः प्लुटार्काच्या म्हणण्याप्रमाणें दोघां भावांत नऊ वर्षांचें अंतर होतें. टायबीरियसचा जन्म इ. स. पू. १६३ च्या सुमाराचा, व गायसचा १५४ च्या सुमाराचा. धाकटा सातव्या वर्षीं मेणाची पाटी घेऊन शाळेला निघाला असेल, तर त्या वेळीं थोरला सोळा वर्षांचा होता. आणि लौकरच तो आपला मेहुणा धाकटा सिपिओ याच्याबरोबर कार्थेजच्या वेढ्यांत लढत होता. दोघे एकाच वेळीं शाळेंतून घरीं आले असणें कठीणच. आख्यायिका खोटी ठरविण्याच्या हौसेनें आम्ही हें लिहीत नाहीं. ह्या नऊ वर्षांच्या अंतरांतच त्या घराची खरी हकीकत दडलेली आहे, म्हणून लिहितों.

कॉर्नेलिया ही हॅनिबॉलला जिंकणाऱ्या थोरल्या सिपिओची कन्या. तिचा पति दोनदां कॉन्सल व एकदां सेन्सॉर झालेला, वयानें तिच्याहून पुष्कळ मोठा. तिला बारा अपत्यें झालीं. त्यांपैकीं वांचलीं तीन, सेंप्रोनिया ही मुलगी व हे दोन मुलगे. रोममध्यें मुलग्याचें नांव नवव्या दिवशीं ठेवीत, व त्याच्या गळ्यांत 'बुल्ला' नांवाचा ताईत घालीत. मुलगा वयांत येईपर्यंत तो त्याच्या अंगावर असे. आमच्याकडे आया मुलाच्या गालाला काजळाची तीट लावतात, त्याच भीतीचा हा ताईत. मुलें गमावलेल्या आईच्या मनांत तो बांधतांना काय आलें असेल, हें कोणा इतिहासकारानें लिहून ठेविलेलें नाहीं. परंतु तें समजण्यास इतिहासकाराची गरजही नाहीं.

गायसच्या जन्माच्या सुमारास पति निवर्तला. पुढें टॉलेमी राजानें तिला मागणी घातली, ती तिनें नाकारली, असें प्लुटार्क सांगतो. म्हणजे थोरल्याला आठ-नऊ वर्षें तरी बाप मिळाला. धाकट्याला तो आठवण्याचा संभवच नव्हता. एकानें मानकऱ्याचें भरलेलें घर पाहिलें, दुसऱ्यानें विधवेचें. एका आईला एकाच छपराखालीं दोन निरनिराळीं बालपणें सांभाळावीं लागलीं, आणि स्वभावही दोन निघाले. टायबीरियस शांत, एका जागीं उभा राहून बोलणारा. गायस तापट, व्यासपीठावर येरझारा घालणारा, आवेशांत खांद्यावरचा टोगा ओढून काढणारा. त्याचा आवाज फार चढला कीं लिसिनियस नांवाचा त्याचा सेवक मागें उभा राहून एका लहानशा वाद्यावर मृदु सूर काढी, व तो ऐकून गायस आपला आवाज उतरवी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. त्या काळीं रोमन घरांत ग्रीक भाषेचें जें स्थान होतें, बहुतेक तेंच आमच्या घरांत इंग्रजीचें आहे. कॉर्नेलियेचा मामा एमिलियस पॉलस यानें इ. स. पू. १६८ मध्यें मॅसिडोनियाच्या राजाचा पराभव केला, तेव्हां त्या राजाचा ग्रंथसंग्रह त्यानें आपल्या मुलांना दिला. उलटपक्षीं, १५५ मध्यें अथेन्सहून वकील म्हणून आलेल्या तत्त्ववेत्त्यांच्या भोंवतीं तरुण मंडळी जमूं लागलेली पाहून केटो अस्वस्थ झाला, व त्यांची लौकर रवानगी करण्यासाठीं झटला. स्वतःच्या मुलासाठीं तर त्यानें एक इतिहास आपल्या हातानें मोठ्या अक्षरांत लिहून काढला. कॉर्नेलियेनें ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदविल्या. तिच्या घरीं विद्वान ग्रीकांचा राबता असे; मिटिलिनीचा डायोफेनीस हा टायबीरियसचा वक्तृत्वगुरु होता. परंतु घरांतलें बोलणें तिनें कोणाच्या हवालीं केलें नाहीं. तिचीं पत्रें सिसेरोनें वाचलीं होतीं, आणि ग्रॅकसांच्या वाणीचें मूळ आईच्या बोलींत आहे असा निर्वाळा त्यानें दिला. मुलें दाईकडे न सोंपवितां स्वतः वाढविणाऱ्या आयांमध्यें टॅसिटसनें तिचें नांव घेतलें आहे.

येथें कोणी क्विंटिलियनचा दाखला पुढें करील. मुलाला आधीं ग्रीक शिकवावें, लॅटिन त्याला आपोआप येईलच, असें त्यानें म्हटलें आहे खरें. परंतु 'आपोआप' म्हणजे काय? तें स्वयंपाकघरांतून, खेळांतून, भांडणांतून, झोंपतांना ऐकलेल्या गोष्टींतून येतें. घरच बोलावयाचें थांबलें, तर आपोआप कांहींच येत नाहीं. ग्रीक फार दिवस एकटेंच ठेवूं नये, असा इशारा त्याच लेखकानें लगेच दिला आहे, आणि आईच्या बोलीचें उदाहरण म्हणून त्यानेंही कॉर्नेलियेचेंच नांव घेतलें आहे.

हें आम्ही कोरड्या पांडित्यानें लिहीत नाहीं. आमच्याही घरीं दोन मुलगे वाढले. त्यांच्यांत सात वर्षांचें अंतर. थोरला शाळेंत मागें पडूं नये म्हणून जेवतांना इंग्रजींतच बोलावयाचें असा नेम आम्हीं घातला, व तो कसोशीनें पाळला. धाकट्याच्या वेळीं कामाचा व्याप वाढला, नेम सुटला, आणि तो आजीच्या मराठींत वाढला. आज दोघांनाही इंग्रजी सारखेंच येतें. परंतु धाकटा आमच्याशीं भांडतो, रुसतो, थट्टा करतो. थोरला अदबीनें, मोजकें व निर्दोष बोलतो. मध्यंतरीं त्याच्यावर एक संकट येऊन गेलें, तें आम्हांला धाकट्याकडून कळलें. दोष त्याचा नाहीं. ज्या भाषेंत त्याला आमच्याजवळ रडतां आलें असतें, तिचें दार आम्हींच लावून घेतलें होतें.

कॉर्नेलियेच्या घरीं तें दार शेवटपर्यंत उघडें होतें. थोरल्या भावाला विरोध करणाऱ्या ऑक्टेव्हियसविरुद्ध आणलेला कायदा गायसनें मागें घेतला, तेव्हां आईच्या शब्दासाठीं घेतों असें त्यानें लोकांना उघड सांगितलें, व लोकांनाही तें आवडलें. तथापि आईच्या शब्दाला मर्यादा असतात. गरीब शेतकऱ्यांना सार्वजनिक जमीन वांटून देण्याच्या कायद्यापायीं टायबीरियस इ. स. पू. १३३ मध्यें मारला गेला. त्याच मार्गानें जाऊन १२१ मध्यें गायस गेला. दोघांचींही प्रेतें टायबर नदींत फेकण्यांत आलीं. जो ताईत बांधावयाचा तो तिनें बांधला होता. त्याचा उपयोग तेवढाच.

त्यानंतर ती मायसीनम येथें समुद्रकांठीं राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती आपल्या मुलांच्या गोष्टी सांगे, डोळ्यांत पाणी न आणतां, जणूं फार जुन्या काळच्या माणसांविषयीं बोलत आहे अशा रीतीनें. दुःखानें वा वार्धक्यानें तिची बुद्धि भ्रमली असावी, असें कित्येकांना वाटलें; प्लुटार्काला तें मान्य नाहीं, व आम्हांलाही नाहीं. जें बोलणें तिनें त्या दोघांना पुरविलें होतें, तेंच त्यांच्यामागें तिला पुरत होतें. तिच्या पुतळ्याची बैठक १८७८ सालीं रोममध्यें सांपडली. तिच्यावर, आफ्रिकेनसची कन्या व ग्रॅकसांची माता, एवढीच तिची ओळख कोरलेली आहे. पुतळा नाहींसा झाला आहे.