तीन रबरी नळ्या आणि बाबांची पद्मिनी

इतिहास म्हटलं की आपली मान शनिवारवाड्याकडे वळते. आज जरा खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघूया. तिथे वीत-दीड वीत लांबीची एक रबरी नळी असते. मेकॅनिक तिला ‘ब्रेक होज’ म्हणतात. आजची गोष्ट तिची.

आमचं घर बुधवार पेठेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, तपकीर गल्लीत वायरी-दिवे, आणि आमच्या दारात बाबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. गेल्या श्रावणात शिवाजी रस्त्यानं येत होतो. दगडूशेठपाशी नेहमीची गर्दी. बाबांनी ब्रेक दाबला आणि पॅडल भसकन खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली, पण फुलांची परडी घेतलेल्या एका आजींपासून जेमतेम हातभर अंतरावर. आजी काही न बोलता पुढे गेल्या. बाबांचे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

रात्री बाबा म्हणाले, “विकून टाकू.” मी म्हटलं, “आधी बघू तर, झालंय काय.”

आता जरा मागे जाऊ. सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक तारा आणि सळयांवर चालायचे. चारही चाकांना सारखा जोर मिळणं कठीण, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढायची. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं तारेऐवजी द्रव वापरला. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं तत्त्व आपण शाळेत शिकलोय. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला चारही चाकांवर असे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरनं ते सामान्य ग्राहकाच्या गाडीत आणले. आधीची चामडी सील गळायची, म्हणून त्यांच्या इंजिनियरांनी रबरी सील वापरली.

पण चाक वळतं आणि स्प्रिंगवर वरखाली होतं. तिथे लोखंडी पाईप टिकणार नाही, मोडेलच. म्हणून शेवटचा तुकडा लवचिक हवा. सगळ्या यंत्रणेतला सर्वांत मऊ भाग, आणि जीव त्याच्यावर!

हे तंत्र आपल्याकडे कसं रुजलं? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्याच गाड्या जोडल्या जात. मग फियाट आली, आणि १९७० च्या दशकात तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं. परवान्यांचा जमाना होता. पैसे भरून नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. त्यामुळे एकदा आलेली गाडी कोणी सोडायचं नाही, दुरुस्त करत चालवायचं. मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. या दुरुस्तीच्या सवयीनं आपल्याला हुशार मेकॅनिक दिले, आणि “चालतंय ना, मग कशाला बदलायचं?” हे वाक्यही दिलं. आमच्या जुन्या गॅरेजमध्ये हेच ऐकलं होतं.

रविवारी गाडी सपाट जागी घेतली. चाकांना लाकडी ठोकळे, जॅकखाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पद्मिनीला होज तीन: पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक. टॉर्च मारून प्रत्येक नळी हलकी वाकवून पाहिली. उजवीकडच्या पुढच्या नळीवर बारीक भेगा होत्या, टोकाला ओल. दुसरा माणूस ब्रेक दाबत असताना नळी फुगते का, तेही बघायचं. आणखी एक लबाड खूण सांगतो. कधी कधी नळी बाहेरून ठणठणीत, पण आतून सुजलेली असते. मग ऑईल पुढे जातं, परत येत नाही. ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं आणि तापतं.

आमच्या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. म्हणून नाना पेठेतून तिन्ही नळ्या नव्या आणल्या.

आदल्या रात्री जोडांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. खोलताना एक पाना नळीच्या टोकाला, दुसरा नटला, नाहीतर लोखंडी पाईप पिळतो. तांब्याचे वॉशर नवेच घातले. नळीला पीळ बसू दिला नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळी कुठे घासत नाही ना, ते पाहिलं. मग हवा काढली, मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. मी निपल सोडायचो, बाबा पॅडल दाबायचे. निपल बंद झाल्यावरच पॅडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मध्ये टाकीतलं ऑईल संपू द्यायचं नाही. निघालेलं ऑईल परत ओतलं नाही, रंगावर सांडू दिलं नाही. शेवटी मिनिटभर पॅडल जोरात दाबून धरलं. कुठेही थेंब नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या मेकॅनिकला शेजारी उभं करा. आम्हीही केलं होतं.

बाबांनी रिकाम्या गल्लीत, पहाटे, हळू गाडी काढून ब्रेक दाबून पाहिला. पॅडल वरच घट्ट थांबलं. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. काढलेली नळी त्यांनी गॅरेजच्या खिळ्याला अडकवून ठेवलीये. का, ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर आज खाली वाकून बघाच. भेटू पुढच्या भागात!