२६ सप्टेंबर : हॅरिएट मन्रो स्मृतिदिन

कवितेला मानधन मिळायला हवे, असा हट्ट धरणाऱ्या अमेरिकन कवयित्री आणि संपादक हॅरिएट मन्रो यांचे १९३६ साली आजच्या दिवशी पेरूतील अरेकिपा येथे निधन झाले. जन्म शिकागोचा, २३ डिसेंबर १८६०. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी लिहिलेले दीर्घकाव्य ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने न विचारता छापले. बाईंनी दावा ठोकला आणि पाच हजार डॉलरची भरपाई मिळवली. कवीने वृत्तपत्राला कोर्टात खेचावे, हेच तेव्हा नवल!

पुढे शहरातल्या शंभरावर धनिकांचे उंबरे झिजवून, प्रत्येकाकडून पाच वर्षे दरसाल पन्नास डॉलर कबूल करून घेत त्यांनी ऑक्टोबर १९१२मध्ये ‘पोएट्री’ मासिक काढले. डिसेंबरच्या अंकात रवींद्रनाथांच्या सहा कविता आल्या. नोबेल अजून वर्षभर दूर होते. एलियटची ‘प्रुफ्रॉक’ मात्र एझरा पाउंडने पिच्छा पुरवल्यावर, जून १९१५मध्ये, तीही अंकाच्या शेवटी छापली. त्यांची स्वतःची कविता आज फारशी कोणी वाचत नाही. ‘पोएट्री’ अजून निघते. पंचाहत्तरीत माचूपिचू पाहायला निघाल्या असताना मेंदूतील रक्तस्रावाने त्यांना वाटेतच गाठले.