व्यासपीठ आणि कारखाना : औद्योगिक परिषदांची पहिली पंचवीस वर्षे

उद्योगपतींच्या परिषदा आता आपल्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. एखाद्या प्रशस्त सभागृहात कारखानदार, संशोधक आणि बँकांचे अधिकारी एकत्र येतात, भाषणे होतात, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्यांचे सारांश छापून येतात आणि 'बोलणारे बोलून गेले' असे म्हणून वाचक पान उलटतो. या उपहासात तथ्य किती, हे पाहावयाचे तर ही प्रथा जेव्हा रुजली त्या काळाकडे वळले पाहिजे. त्या इतिहासात काशी, कलकत्ता, सुरत या नगरांचा आणि तेथे जाऊन कार्य करणाऱ्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. म्हणून महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे नांदलेल्या आपल्या मंडळाच्या ग्रंथात त्याचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये, असे आम्हांस वाटते.

१८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिचे प्रेरक महादेव गोविंद रानडे होत. ते तेव्हा सरकारी सेवेत न्यायाधीश होते; मुंबईच्या उच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक व्हावयास अजून तीन वर्षांचा अवकाश होता. त्यांच्या मालकीची गिरणी नव्हती, पेढी नव्हती. तरीही त्या परिषदेत त्यांनी जावा बेटातील डच सरकारच्या लागवडपद्धतीवर निबंध वाचला. त्या पद्धतीतील सक्ती त्यांना मान्य नव्हती. परंतु कारखानदारास सरकारने आगाऊ भांडवल पुरवावे, ही त्यातील गोष्ट त्यांना आपल्या देशासाठी विचारणीय वाटली. पुढील वर्षी त्यांनी ग्रामीण पतपुरवठ्याचा विषय घेतला, १८९२ मध्ये लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांचा आणि १८९३ मध्ये देशी कारखानदारीच्या तत्कालीन स्थितीचा. राजकीय वर्चस्व डोळ्यांना दिसते, भांडवल व कौशल्य यांचे वर्चस्व दिसत नाही आणि म्हणूनच ते अधिक घातक असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. न्यायाधीश, वकील आणि प्राध्यापक यांनी उद्योगावर बोलावे, यात हशील काय? जमशेटजी टाटा यांनी नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ च्या पहिल्या दिवशी सुरू केली, तेव्हा त्यांना कोणत्याही परिषदेने वाट दाखविली नव्हती. भाषणांतून गिरण्या निघत नाहीत, हे खरेच आहे.

परंतु पुण्याच्या त्या प्रयत्नाकडे पाहताना महादेव बल्लाळ नामजोशी यांचे नाव विसरून चालणार नाही. न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्याबरोबर वावरलेल्या या गृहस्थाची कीर्ती त्यांच्या सहकाऱ्यांच्या मानाने फार लवकर मावळली. रानड्यांनी विचार सांगावा आणि नामजोशांनी त्यासाठी माणसे, जागा व वर्गणी जमवावी, अशी जणू कामाची वाटणीच झाली होती. पुण्याचे १८८८ चे प्रदर्शन, लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालय आणि परिषदेची जुळवाजुळव, या सर्वांत त्यांचे श्रम होते. सूत व रेशीम, कागद, धातुकाम आणि रंगाई यांचे कारखाने त्या पिढीत पुण्यात निघाले, त्यांमागे या मंडळींचे प्रोत्साहन होते. १८९६ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, नामजोशी निवर्तले.

पुण्यात लावलेले रोप पुढे काशीस वाढले. १९०५ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले होते. वंगभंगाला अडीच महिनेही झाले नव्हते आणि स्वदेशीची लाट देशभर पसरली होती. त्या अधिवेशनाला जोडूनच पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी रमेशचंद्र दत्त होते. सनदी सेवेतून निवृत्त झालेले हे अर्थेतिहासकार त्या वेळी सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात मंत्री होते. म्हणजे येथेही वक्ता कारखानदार नव्हता. परंतु या परिषदेने पांगताना एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने कायमचे कार्यालय नेमले. ते मुंबईस किंवा कलकत्त्यास न जाता वऱ्हाडातील अमरावतीस गेले, कारण चिटणिसाचा भार तेथील वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी उचलला होता. अहवाल छापणे, प्रांतोप्रांतीच्या समित्यांशी पत्रव्यवहार करणे, देशी माल कोठे व कोण तयार करतो याची सूची प्रसिद्ध करणे, असे ते रूक्ष काम होते. १९१२ मध्ये बांकीपूर येथे काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे मुधोळकर लोकांच्या थोडेफार लक्षात आहेत. अमरावतीच्या त्या कचेरीतील मुधोळकर मात्र विस्मृतीत गेले.

यानंतर व्यासपीठाचे स्वरूपच पालटू लागले. १९०६ मध्ये कलकत्त्यास दुसऱ्या परिषदेचे अध्यक्ष मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी झाले. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला पुढे पंधरा लाखांची देणगी देणारे ते हेच. १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली. तरीही त्याच गावी, त्याच आठवड्यात, औद्योगिक परिषद भरली. १९१५ मध्ये मुंबईच्या परिषदेचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते, आणि साकचीच्या कारखान्यात पोलाद निघू लागून तेव्हा तीन वर्षे झाली होती. ज्या धंद्याच्या अपयशाची मीमांसा १८९२ साली एका न्यायाधीशाने पुण्यात केली, तो धंदा यशस्वी करून दाखविणारा माणूस तेवीस वर्षांनी अध्यक्षस्थानी बसला! दुसऱ्याच वर्षी सरकारला सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमावा लागला. त्यात दोराबजी टाटा, राजेंद्रनाथ मुखर्जी आणि मदनमोहन मालवीय हे सभासद होते. उद्योगास सरकारने साहाय्य करावे, ही रानड्यांची मागणी आयोगाच्या १९१८ च्या अहवालात मान्य झालेली दिसते.

टाटांचे पोलाद हे परिषदांचे फळ होय, असे आम्ही म्हणणार नाही. ते एका कुटुंबाच्या धैर्याचे फळ आहे. पण १९०७ मध्ये त्या कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा सुमारे आठ हजार देशबांधवांनी तीन आठवड्यांत ते उचलले. दागिन्यांत व जमिनीत पैसा पुरणाऱ्या समाजाने अद्याप उभ्याही न राहिलेल्या कारखान्यावर विश्वास ठेवला, यामागे कित्येक वर्षे कोणीतरी बोलत राहिले होते, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

तेव्हा परिषद फुकट गेली की नाही, हे तेथील भाषणांवरून ठरत नाही. दोन परिषदांच्या मधल्या बारा महिन्यांत कोणी पत्रे लिहिली, हिशेब ठेवले, दारोदार जाऊन वर्गणी मागितली, यावरून ते ठरते. रानड्यांना नामजोशी लाभले, काशीच्या परिषदेला मुधोळकर लाभले. आपल्या मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते आम्ही या ग्रंथासाठी चाळली, तेव्हा पाहुण्या वक्त्यांची नावे ठळक अक्षरांत आढळली. खुर्च्या मांडणाऱ्यांची आणि पावत्या फाडणाऱ्यांची फारशी आढळली नाहीत. हे ऋण या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही कृतज्ञतेने नोंदवून ठेवतो.