एक इमेज, २० लॅपटॉप: डिस्क इमेज म्हणजे काय आणि ती उतरवताना कुठे चुकतं?

समजा, एका शाळेच्या संगणक कक्षात एकाच मॉडेलचे २० लॅपटॉप आले आहेत. प्रत्येकावर विंडोजचे अपडेट्स, ब्राउझर, ऑफिसचे प्रोग्रॅम, मराठी कीबोर्ड आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा आहे. एका लॅपटॉपला दोन तास धरले, तरी ४० तास लागतात. एखादी सेटिंग राहून जाण्याची शक्यता असतेच. म्हणून एकच लॅपटॉप नीट तयार केला जातो आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवली जाते. या प्रतीला डिस्क इमेज म्हणतात.

काम सोपं वाटतं. पण यात मेख अशी की, इमेजमध्ये फक्त प्रोग्रॅम नाही, तर त्या लॅपटॉपची ओळखही कॉपी होते.

साध्या कॉपीपेक्षा हे वेगळं कसं?

सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स दुसऱ्या लॅपटॉपच्या डिस्कवर टाकल्या, तरी त्यावर विंडोज सुरू होत नाही. लॅपटॉप सुरू होताना लागणारं बूट पार्टिशन आणि डिस्कची मांडणी साध्या कॉपीत येत नाही. इमेजमध्ये हे सगळं येतं.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं 'घोस्ट' हे सॉफ्टवेअर या कामासाठी एकेकाळी जगभर वापरलं जायचं. १९९८ मध्ये ते सिमँटेक कंपनीने घेतलं. आज 'क्लोनझिला' हे तैवानमध्ये विकसित झालेलं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. ते डिस्कचा फक्त भरलेला भाग वाचतं. २५६ जीबीच्या डिस्कवर ४० जीबी भरलेली असेल, तर तेवढीच इमेज तयार होते आणि कॉम्प्रेस केल्यावर ती आणखी लहान होते.

ओळख कॉपी झाली तर काय बिघडतं?

इन्स्टॉल होताना विंडोज प्रत्येक संगणकाला एक वेगळा ओळख क्रमांक देतं. त्याला एसआयडी म्हणतात. इमेज जशीच्या तशी उतरवली की २० लॅपटॉपचा एसआयडी एकच होतो.

याने फारसं बिघडत नाही, असं मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं. एसआयडी बदलणारं स्वतःचं 'न्यूएसआयडी' हे टूलही त्यांनी तेव्हा बंद केलं. मात्र ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या हा क्रमांक तपासतात. एकच एसआयडी असलेल्या संगणकांमध्ये पासवर्ड बरोबर असूनही शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही किंवा रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही. अशा संगणकांवर योग्य पद्धतीने पुन्हा विंडोज टाकणं, हाच मायक्रोसॉफ्टने सांगितलेला कायमचा उपाय आहे. म्हणजे सुरुवातीला वाचवलेला वेळ दामदुपटीने जातो.

योग्य क्रम कोणता?

१. पहिल्या लॅपटॉपवर विंडोजच्या सुरुवातीच्या सेटअप स्क्रीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. ऑडिट मोड सुरू होतो. त्यात वैयक्तिक खातं न उघडता तयारी करता येते.

२. लागणारे प्रोग्रॅम आणि अपडेट्स टाका. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून अ‍ॅप घेऊ नका. त्यामुळे पुढची पायरी अडू शकते.

३. बिटलॉकर बंद असल्याची आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट झाल्याची खात्री करा.

४. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधलं 'सिसप्रेप' चालवा. 'जनरलाइज' वर टिक करा आणि शेवटी 'शटडाउन' निवडा. यामुळे जुनी ओळख पुसली जाते आणि प्रत्येक लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना नवी ओळख घेतो.

५. आता तो लॅपटॉप विंडोजमध्ये सुरू करू नका. क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

६. ती आधी एकाच लॅपटॉपवर उतरवा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि अ‍ॅक्टिव्हेशन तपासा. मगच बाकीचे घ्या.

२० लॅपटॉपवर एकाच वेळी

१ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात. २० जीबीची इमेज एकेका लॅपटॉपला पाठवली, तर प्रत्येकी किमान १६० सेकंद, म्हणजे एकूण ५३ मिनिटं लागतात. मल्टिकास्ट पद्धतीत ती एकदाच पाठवली जाते आणि सगळे लॅपटॉप ती एकाच वेळी घेतात. शिक्षकांनी फळ्यावर एकदा लिहावं आणि सगळ्या वर्गाने उतरवून घ्यावं, तसं. फक्त सगळ्यात हळू लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागतं. यासाठी वायफाय नको, केबलच हवी.

हे विसरू नका

- इमेज उतरवली की त्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. दोन डिस्क जोडलेल्या असतील तर नाव आणि आकार दोनदा वाचा.
- ज्या डिस्कवर इमेज उतरवायची, ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी.
- मॉडेल वेगळं असेल तर ड्रायव्हर जुळत नाहीत. कधी कधी विंडोज सुरूच होत नाही.
- इमेजसोबत लायसन्स मिळत नाही. संस्थेला स्वतःची इमेज अनेक लॅपटॉपवर टाकायची, तर मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार व्हॉल्यूम लायसन्स लागतं.
- सिसप्रेप ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड किंवा डेस्कटॉपवरचे फोटो पुसत नाही. पहिल्या लॅपटॉपवर कोणी आपलं ईमेल उघडून ठेवलं असेल, तर ते २० विद्यार्थ्यांसमोर उघडू शकतं. म्हणून इमेज घेण्याआधी पहिला लॅपटॉप शेवटचा एकदा नीट पाहून घ्या.