गळाची माशी

माशाला भुलविण्यासाठीं गळाला पिसांची खोटी माशी बांधण्याची कला फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास रोमन ग्रंथकार ईलियन यानें मॅसिडोनियांतील कोळ्यांची रीत नोंदविली आहे. नदीवरची खरी माशी हाताळली कीं तिचा रंग उडे. म्हणून ते गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या मानेखालचीं, मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. स्कॉटलंडच्या स्टुअर्टनेंहि १८५७ सालीं, रंगापेक्षां आकार महत्त्वाचा व थोड्या साध्या माश्या पुरतात, असें प्रतिपादन केलें.

सॅमन माशाची गोष्ट मात्र निराळी. समुद्रांतून नदींत चढल्यावर तो बहुधा अन्न घेत नाहीं. मग नक्कल करावयाची कोणत्या किड्याची? त्यामुळें माणसाच्या हौसेला मोकळें रान मिळालें. एकोणिसाव्या शतकांत दक्षिण अमेरिकेंतील निळ्या कोटिंगाचीं आणि सह्याद्रींतहि आढळणाऱ्या रानकोंबड्याच्या मानेचीं ठिपकेदार पिसें या माश्यांवर चढलीं.

१९०२ सालीं हिंदुस्थान सरकारनें वन्य पक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. हौस मात्र सरली नाहीं. २००९ सालीं इंग्लंडांतील ट्रिंगच्या संग्रहालयांतून पक्ष्यांचे २९९ नमुने चोरीस गेले, ते अशाच माश्यांच्या पिसांसाठीं. मॅसिडोनियाच्या कोळ्याला घरच्या कोंबड्याचीं दोन पिसें पुरलीं होतीं.