स्वराचे आयुष्य

इ. स. १८८६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिचे चालक मौलाबक्ष हे स्वतः नामांकित गवई आणि बीनकार होते. उस्तादाच्या मुखातून शिष्याच्या कंठात जाणारी ही विद्या कागदावर उतरावी, वर्गात बसलेल्या मुलांनाही ती शिकविता यावी, म्हणून त्यांनी स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. आपली चीज परक्याच्या कानी पडू नये म्हणून गवई जपत असत, त्या काळात हे धाडस लहान नव्हे.

स्वर कोणता आणि तो किती मात्रांचा, हे कागदाने सांगितले. मींड-गमकांच्या खुणाही करता येतात. पण तो स्वर उपजतो कसा, फुलतो कसा आणि मावळतो कसा, हे कोणत्याही स्वरलेखनाला जेमतेमच सांगता येते. पुढे १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. तेथेही विद्वानांचा वाद रंगला तो श्रुतींचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा. स्वराच्या आयुष्याची चौकशी मागेच राहिली.

वास्तविक नादाची ओळख पुष्कळशी या आयुष्यावरूनच पटते. चर्चच्या मनोऱ्यातील घंटेवर टोल पडला की नाद क्षणात भरास येतो आणि मग बराच वेळ विरत जातो. आत वाजणाऱ्या ऑर्गनचे तसे नाही. पट्टी दाबून धरावी तोवर नाद तेवढाच, बोट उचलले की संपला. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी घंटेच्या ध्वनिमुद्रणातून आरंभीचा आघात वगळून पाहिला, तो काय! घंटा घंटा राहिली नाही. ओबो नावाच्या फुंकवाद्यासारखा सूर ऐकू येऊ लागला.

हे आयुष्य आकड्यांत बांधण्याची युक्ती अमेरिकेत निघाली. कोलंबिया विद्यापीठातील संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी १९६५ साली रॉबर्ट मूग यांच्याकडून तसे उपकरण मागविले. त्यास एन्व्हलप म्हणतात. त्यात चार गोष्टी ठरवायच्या: चढ, उतार, टिकाव आणि विलय. येथे नवशिका हमखास चुकतो, कारण चढ, उतार आणि विलय हे काळाचे आकडे, तर टिकाव ही पातळी आहे. बोट पट्टीवर असेतो नाद कितीवर स्थिर राहावा, एवढेच ती सांगते. चढ क्षणाचा, उतार लांब आणि टिकाव शून्य ठेवला, तर छेडलेल्या तारेचा भास होतो. चढ अर्ध्या सेकंदाचा आणि टिकाव पुरा ठेवला, तर गज फिरल्यासारखे वाटते.

हे यंत्र बडोद्याच्या शेजारीच येऊन पोहोचले. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरची ध्वनिशाळा उभी करून दिली. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे प्रयोग केले. गीताबाई पखवाज शिकलेल्या. थापेचा आघात आणि तिची आस यांतील भेद त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मौलाबक्षांच्या कागदाला जे साधले नाही, ते या खुंट्यांना काही अंशी साधले, हे मान्य केले पाहिजे. परंतु एकदा लावलेली खुंटी प्रत्येक स्वराला तोच जन्म आणि तोच अंत देते. हात लावून ती बदलावी लागते. दरबारी कानड्यातील गांधार मात्र प्रत्येक वेळी नव्याने डोलत येतो, आणि बडोदे दरबारचे गवई फैयाजखाँ यांच्या नोमतोमात एकाच षड्जाचा उठाव किती परींचा असू शकतो, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत आजही ऐकता येते. खाँसाहेब १९५० मध्ये बडोद्यातच निवर्तले.

अहमदाबादच्या त्या प्रयोगांच्या फिती पुढे कित्येक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या, आणि १९६९ ते १९७२ या काळातील ते संगीत २०२३ साली प्रसिद्ध झाले.